गृहविचार : जुना ब्राउझर ठेवावा कीं बदलावा?

एका वाचक भगिनींनीं आपल्या घरांतील वाद आमच्यापुढें निवाड्यास ठेविला आहे. एकत्र कुटुंब, माजघरांत विंडोज ७ चा एक संगणक, त्यावर गूगल क्रोमची १०९ वी आवृत्ति. मामंजी म्हणतात, चालतें तें मोडूं नये. धाकटे भावोजी म्हणतात, आजच बदला. विधवा आत्याबाईंच्या पेन्शनचा सर्व व्यवहार त्याच यंत्रावरून होतो, म्हणून या वादास केवळ हौसेचा वाद म्हणतां येत नाहीं.

ब्राउझरला न्याहाळक असा मराठी शब्द कोणी सुचविला आहे. शब्द चांगला आहे, परंतु घरांतील मुलें तो बोलत नाहींत. आम्हीही रूढ शब्दच चालवितों.

मामंजींच्या 'चालतें' या शब्दांतच सारा घोटाळा आहे. दाराची कडी बसते, एवढ्यानें दार सुरक्षित ठरत नाहीं. त्या कडीची युक्ति चोरांस ठाऊक झाली आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. ब्राउझरमध्यें दोष सांपडला म्हणजे कर्ते दुरुस्ती प्रसिद्ध करितात. पण दुरुस्ती कोठें केली हें पाहून दोष कोठें होता हेंही जाणत्यास कळतें. ज्यानें दुरुस्ती घेतली तो वांचला. ज्यानें घेतली नाहीं त्याच्या घराचा कच्चा दुवा त्या दिवसापासून जगजाहीर झाला! सप्टेंबर २०२३ मध्यें 'वेबपी' जातीचीं चित्रें उलगडणाऱ्या भागांत असा दोष निघाला. दुष्ट हेतूनें घडविलेलें एक चित्र नुसतें दिसलें तरी यंत्रांत शिरकाव होऊं शकत होता. क्रोम, फायरफॉक्स इत्यादि सर्वांस कांहीं दिवसांतच दुरुस्ती काढावी लागली.

दुसरी अडचण गुप्त संभाषणाची. बँक व ब्राउझर यांच्यांतील बोलणें ज्या कूटपद्धतीनें चालतें, त्या टीएलएसच्या १.० व १.१ या आवृत्ति प्रमुख ब्राउझरांनीं २०२० मध्यें सोडल्या. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांस आधारभूत असलेल्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि कित्येक जुनीं यंत्रें निर्दोष संकेतस्थळांसही अविश्वासू म्हणूं लागलीं.

मग भावोजींचें सर्वस्वीं खरें काय? नाहीं. या यंत्रावर केवळ क्रोम बदलतां येत नाहीं; फेब्रुवारी २०२३ मध्यें निघालेली ११० वी आवृत्ति विंडोज ७ वर चढतच नाहीं. विंडोज ७ ची सामान्य ग्राहकांसाठींची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ जानेवारी २०२० रोजींच थांबविली. पायाभूत प्रणाली जुनी ठेवून वरचें तेवढें नवें मागणें हा शास्त्रकारांचा अर्धजरतीय न्याय होय. आणि स्वस्त म्हणून विंडोज १० चें जुनें यंत्र घ्यावें, तर त्याचीही नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. खर्च करावयाचा नसेल तर त्याच यंत्रावर विनामूल्य लिनक्स बसवून अद्ययावत फायरफॉक्स वापरावा. मराठी लिहितां येतें. छपाईयंत्र जुळतें कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें.

मामंजींच्या बाजूनेंही एक गोष्ट बोलली पाहिजे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं कित्येक मराठी संकेतस्थळें स्वतःचे फॉन्ट वापरीत, व त्यांतील कांहीं इंटरनेट एक्सप्लोररमध्येंच नीट वाचतां येत. तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. जुनें लिखाण अक्षरशः अवाचनीय होणें ही सुधारणेची लहान किंमत नव्हे. नव्याचे भाट ती कधीं सांगत नाहींत. जुन्या कामांसाठीं एज ब्राउझरमध्यें एक्सप्लोररची सोय किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचें मायक्रोसॉफ्टनें सांगितलें आहे. संग्रहासाठीं जुनें यंत्र ठेवावयाचेंच असल्यास खुशाल ठेवावें, मात्र इंटरनेटची जोडणी काढून.

आमचा निवाडा असा : यंत्राविषयींचा निर्णय दिवाळीपर्यंत लांबला तरी चालेल, पण आत्याबाईंचा व्यवहार त्या यंत्रावर आजपासून बंद करावा. तोंवर पासबुक भरून आणावें किंवा अद्ययावत असलेला घरांतील फोन वापरावा. त्यांचा पासवर्ड अवश्य बदलावा. तो बदलतांना मात्र जुन्या संगणकास हात लावूं नये, आणि नवा शब्द आत्याबाईंनीं स्वतः निवडावा, भावोजींनीं नव्हे.