गाडी मिसिंग मारते, पण कशावरून?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे दाजी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार. पै-पै साठवून त्यांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण खाजगी मालकांनी नोंदणी वाढवून काही गाड्या जपल्या आहेत. दाजींची त्यातलीच एक. दवाखाना असो की लग्नकार्य, आमच्या अख्ख्या गोतावळ्याला तिचा आधार.

पाऊस लागला आणि गाडी सकाळी मिसिंग मारू लागली. इंजिन थरथरायचे, धक्के द्यायचे, पारसिकच्या चढाला तर दमच सोडायचे. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले आणि दोन मिनिटांत सांगितले, "इंजिनचे काम निघाले, २५ हजार लागतील." दाजी पतपेढीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. ताईने पाटल्या काढून ठेवल्या होत्या. मी एवढेच विचारले, "दाजी, इंजिनच बिघडले हे कशावरून?" उत्तर कोणाकडेच नव्हते.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त टॅक्सीचालक काका राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. मिसिंग कधी होते? थंड असताना की गरम झाल्यावर? रोज की पावसातच? ताई म्हणाली, "पाऊस पडला की सकाळी. ऊन पडले की बरी चालते." काका हसले. "मग निम्मे निदान तुम्हीच केलेत. इंजिन झिजले असते तर ते ऊन-पाऊस बघून बिघडले नसते."

मग त्यांनी समजावून सांगितले. बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलमध्ये जातो. पॉइंट उघडला की त्याचे हजारो व्होल्ट होतात. हा करंट डिस्ट्रिब्यूटरचा रोटर फिरत फिरत चार प्लगना १-३-४-२ या क्रमाने वाटतो. वाटेत कुठे गळती झाली की ठिणगी पडत नाही आणि तो सिलिंडर फुकट फिरतो. ठरावीक तालात एकच ठोका चुकत असेल तर दोष बहुधा एका सिलिंडरचा. कसाही, कुठेही चुकत असेल तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर असे चौघांचे सामाईक भाग बघावेत, नाहीतर पेट्रोलमधला कचरा.

आमचा ठोका तालात चुकत होता. काकांनी इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढली, ती जादा प्लगला लावून त्या प्लगचे अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवले आणि मग गाडी सुरू केली. चालू इंजिनच्या वायरला हात लावायचा नाही, जबर झटका बसतो. जवळ पेट्रोल सांडलेले नको. असे एकेक करून चारही तपासले. तीन वेळा इंजिन आणखी अडखळले. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढली तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे आजारी तोच!

त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावला. दोष प्लगबरोबर गेला असता तर प्लग खराब. तो गेला नाही. चांगली वायर लावून पाहिली, तरी तेच. प्लगचा रंगही काकांनी दाखवला. फिकट तपकिरी असला की तब्येत ठीक; कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते आहे, तिथे मात्र इंजिनचे काम निघू शकते. आमचा प्लग नुसता पेट्रोलने ओला होता, म्हणजे ठिणगीच नव्हती.

शेवटी डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली. भाचीने बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि ओरडली, "मामा, ही रेघ बघ!" तिसऱ्या टोकापासून काठापर्यंत, पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ. तिथून तडा गेला होता. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो ओलावा धरायचा आणि करंट प्लगकडे न जाता तिथूनच पळायचा. ऊन पडले की तडा सुकायचा. नवी कॅप, रोटर, पॉइंट घासून साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी फटीवर बसवला. काही शेकड्यांत काम झाले. पाटल्या पुन्हा ताईच्या हातात गेल्या.

सगळेच मेकॅनिक फसवतात असे माझे म्हणणे नाही. तोही कष्टकरीच, आणि कित्येकदा इंजिनचे काम खरेच निघते. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी करा. बिघाड कधी होतो ते आठवडाभर वहीत लिहा. एका वेळी एकच भाग बदला, म्हणजे दोष कशात होता ते कळेल. आणि "कशावरून?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. ज्याला काम येते तो या प्रश्नाने रागावत नाही; तो दाखवून देतो.