पाठ फिरवू नका

खुनी माणसाच्या मनात डोकावण्याची हौस तुम्हा-आम्हा सर्वांनाच असते. पण ते मन दिसावे कसे? पोलिसांपुढे आरोपी गप्प असतो, वकिलापुढे पढवलेला असतो आणि न्यायासनापुढे निर्दोष असतो. त्यापेक्षा तुरुंगातून लिहिलेली त्याची पत्रे बरी. कोठडीत वेळच वेळ. वाचणारा भेटला की लेखणी थांबत नाही.

१९२८ साली वॉशिंग्टनच्या तुरुंगात कार्ल पॅन्झ्रॅम नावाचा कैदी आला. आला होता घरफोडीच्या आरोपावरून. पुढे त्याने २१ खुनांची कबुली लिहून दिली. तिथे त्याला हात बांधून टांगले, मारले. हेन्री लेसर हा तरुण पहारेकरी मात्र कळवळला. त्याने दुसऱ्या एका कैद्याच्या हाती त्याला एक डॉलर पाठवला. पॅन्झ्रॅमला आधी थट्टाच वाटली. खरेच दिला आहे असे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने कागद-पेन्सिल मागितली आणि आपले सारे आयुष्य लेसरला लिहून दिले. लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेल्यावरही पत्रे चालूच राहिली. तिथे त्याने आणखी एक खून केला आणि ५ सप्टेंबर १९३० रोजी तो फासावर गेला. त्याला वाचवायला निघालेल्या दयाळू मंडळींना त्याने झिडकारले होते.

या माणसाला कोणाकडून काही नको होते, म्हणून त्याच्या लिखाणाला वजन आहे. पण लेसरने सांगितलेली एक लहानशी हकीकत मला त्या सगळ्या कागदांहून मोलाची वाटते. एकदा गज तपासताना लेसरने त्याच्याकडे पाठ केली. पॅन्झ्रॅमने त्याला बजावले, की पुन्हा कधी असे करू नका. तुम्हाला मारावे असे मनात नाही, पण माझा माझ्यावरच भरवसा नाही.

अशी सूचना नॉर्मन मेलर या नामांकित लेखकालाही मिळाली होती, निराळ्या शब्दांत. १९७७ साली मेलर एका फाशी गेलेल्या खुन्यावर पुस्तक लिहीत होता. ते कळताच जॅक अ‍ॅबट नावाच्या कैद्याने त्याला लिहिले, की तुरुंग म्हणजे काय ते मी सांगतो. अ‍ॅबटचे आयुष्य पोरवयापासून सुधारगृहात आणि तुरुंगात गेलेले; आतच त्याने एका कैद्याला भोसकून मारले होते. पत्रांची भाषा विलक्षण धारदार. मेलर भारावला. त्याने प्रस्तावना लिहिली, सुटकेसाठी शब्द टाकला. पुस्तक १९८१ साली निघाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅबट पॅरोलवर बाहेर आला.

आता गंमत पाहा (गंमत कसली म्हणा!). अ‍ॅबटने काही लपवले नव्हते. तुरुंगात वाढलेला माणूस वयाने मोठा झाला तरी त्याचे राग-लोभ पोराचेच राहतात, हे त्याने लिहिले होते. माणसाच्या अंगात सुरी कशी खुपसतात, तेही लिहिले होते. परीक्षकांनी त्यातली शैली वाखाणली! पत्रात माणूस खोटे लिहील याची धास्ती आपण घेतो. खरे लिहील आणि आपण त्याला साहित्य समजू, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

१८ जुलै १९८१ च्या पहाटे न्यू यॉर्कच्या एका उपाहारगृहात अ‍ॅबटने शौचालय कुठे म्हणून विचारले. ते नोकरांपुरते आहे, असे २२ वर्षांच्या वेटरने सांगितले. पोरगा नट होता, नाटके लिहू लागला होता. शब्दाने शब्द वाढला, दोघे रस्त्यावर आले आणि अ‍ॅबटने त्याच्या छातीत सुरी खुपसली. दुसऱ्या दिवशीच्या न्यू यॉर्क टाइम्समध्ये पुस्तकाची स्तुती छापून आली.

खटल्याच्या वेळी मेलर म्हणाला, संस्कृतीसाठी थोडी जोखीम पत्करावी लागते. पत्करली कोणी आणि भोगली कोणी, हे त्या वेटरच्या बायकोला विचारायला हवे होते. १९९० साली तिच्या दाव्यात जूरीने अ‍ॅबटकडून तिला ७५ लाख डॉलर देवविले.

१० फेब्रुवारी २००२ रोजी अ‍ॅबटने कोठडीत गळफास लावून घेतला. मागे एक चिठ्ठी होती. तिच्यातला मजकूर अधिकाऱ्यांनी जाहीर केला नाही.