नुसतं जोडणं

गेल्या शुक्रवारी ऑफिसात जेवताना माझ्या अर्धवट सुखोईचा फोटो दाखवत होतो. अर्धवट म्हणजे रंग नाही, चाकं नाहीत, पाठीवर पुट्टीचे पांढरे पट्टे. समोरच्या मित्राने डब्यातली भेंडी संपवता संपवता निकाल दिला, "बरोबर आहे. आपल्या नाशिकलाही हेच करतात. रशियातून खोकी येतात, हे लोक नुसतं जोडतात." टेबल हसलं. मीही हसलो. मग हिंजवडी ते विमाननगर (म्हणजे विचार करायला भरपूर वेळ) त्या 'नुसतं'वर चडफडत घरी आलो.

तर आजचा लेख त्या एका शब्दाबद्दल.

किट आहे झ्वेझ्दा ह्या रशियन कंपनीचं, सुखोई-30 एसएम, 1:72. खरं विमान जवळपास 22 मीटर लांब, माझं तीस सेंटीमीटरच्या आसपास. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा ह्याने दोन महिने अडवलाय. आई म्हणते, दिवाळीत किल्ला करायचास तेव्हाही असाच जेवायला हाका मारायला लावायचास.

ज्यांनी कधी किट हातात घेतलं नाही त्यांना वाटतं, तुकडे तोडायचे आणि चिकटवायचे. मलाही तसंच वाटायचं. मग कळतं की प्लास्टिकचं सिमेंट म्हणजे डिंक नव्हे, ते प्लास्टिक वितळवतं. दोन तुकडे एकमेकांत विरघळून एक होतात. वेल्डिंगच ते. जास्त लागलं तर नक्षी वाहून गेली. घाईने फेव्हिक्विक लावलं तर कॉकपिटच्या पारदर्शक काचेवर त्याची वाफ बसून कायमचं धुकं. इथे कंट्रोल-झेड नाही मंडळी. धडाचे वरचा-खालचा भाग आधी कोरडेच जुळवून बघायचे, कुठे अडतंय ते शोधायचं, कानशीने केसभर घासायचं, पुन्हा जुळवायचं. मी हे एका सांध्यासाठी अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी चिकटवलं आणि तरी अर्धा मिलिमीटरची फट राहिली. खऱ्या विमानाच्या मापात ती 36 मिलिमीटर, म्हणजे आरामात बोट जाईल एवढी. असं विमान घेऊन कोण उडेल?

आणि जोडताना माणूस शिकतो, हे टेबलावर हसणाऱ्यांना माहीतच नसतं. हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या खालच्या बाजूला बारीक झडपांच्या ओळी आहेत. त्या घासताना पुसल्या जाऊ नयेत म्हणून मी वैतागलो आणि मग त्या कशाला आहेत ते शोधलं. सुखोई-27 च्या खानदानात ह्या तोंडांच्या आत जाळी असते. विमान जमिनीवर असताना ती वर येते, धावपट्टीवरचा खडा इंजिनात जाऊ नये म्हणून, आणि तेव्हा ह्या झडपांतूनही हवा आत जाते. मागच्या नॉझलचंही तसंच. ती हलतात हे सगळ्यांना माहीत असतं, यूट्यूबची कृपा. पण प्रत्येक नॉझल एकाच पातळीत हलतं, आणि त्या दोन पातळ्या एकमेकींना समांतर नसून बाहेरच्या बाजूला तिरक्या आहेत. त्यामुळे दोन्ही वेगवेगळी वळवली की नाक वरखालीच नव्हे, डावीउजवीकडेही फिरतं. एवढी साधी युक्ती! मी ती पहिलं नॉझल उलटं चिकटवल्यावर शिकलो.

आता नाशिकबद्दल. 1996 साली पहिली 50 विमानं थेट घ्यायचा करार झाला. 2000 साली 140 विमानं इथे बनवायचा परवाना मिळाला, आणि एचएएलच्या ओझरच्या कारखान्यातलं पहिलं विमान 2004 मध्ये बाहेर पडलं. मित्र म्हणतो ते सुरुवातीपुरतं खरं आहे: आधी जवळजवळ तयार भाग, मग सुटे भाग, मग कच्च्या मालापासून, असे टप्पेच ठरलेले होते. इंजिनं ओडिशात कोरापुटला. पण पहिल्या टप्प्यातही ते 'नुसतं' नव्हतं. मी तीस सेंटीमीटरचं धड सरळ ठेवू शकत नाही. ते लोक 22 मीटरचं ठेवतात आणि मग त्यात माणूस बसवून वर पाठवतात.

त्यात हे 'एमकेआय' प्रकरण. सांगाडा रशियन, आतली बरीच इलेक्ट्रॉनिक्स फ्रेंच आणि इस्रायली, मिशन कॉम्प्युटर आपल्या डीआरडीओचा. चार देशांची यंत्रं एकमेकांशी बोलती करायची. ज्यांनी दोन व्हेंडरच्या एपीआय एकत्र आणताना केस पिकवलेत त्यांनी तरी ह्याला 'नुसतं' म्हणू नये. गंमत म्हणजे माझ्या खोक्यावर जे रशियन हवाई दलाचं एसएम छापलंय, ते ह्या भारतासाठी घडवलेल्या एमकेआयवरूनच पुढे आलं. 2012 साली ते पहिल्यांदा उडालं, आपलं एमकेआय हवाई दलात आल्यावर दहा वर्षांनी. म्हणजे मी रशियन किटवर भारतीय डिकल लावणं ही फसवणूक नाही, घरवापसी आहे. (लहानसहान फरक आहेत. जाणकारांनी मोजू नयेत.)

इथपर्यंत वाचून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे काका खूश झाले असतील. त्यांचा धंदा उलटा. लोहगाववरून सुखोई गेला की ह्यांचा फॉरवर्ड येतो, 'संपूर्ण स्वदेशी', खाली तिरंगा, आणि चित्रातल्या विमानाला तीन ब्रह्मोस टांगलेली. काका, एक ब्रह्मोस अडीच टनाचं. विमान त्यासाठी मुद्दाम मजबूत करावं लागलं, आणि 2017 साली पहिली चाचणी झाली तेव्हाही पोटाखाली एकच होतं.

काकांना नाही तर नाही, मला तरी हे मान्य करावंच लागेल: मी हे मॉडेल उद्या निर्दोष जोडलं तरी मला साचा करता येणार नाही. कुठल्या रेषेवर तुकडा कापायचा, प्लास्टिक थंड होताना किती आकसेल, हे मॉस्कोजवळ बसलेल्या कोणालातरी माहीत आहे. माझ्याकडे फक्त त्याने दिलेला कागद आहे. परवान्याचंही तेच. 'कसं' मिळतं, 'का' मिळत नाही. कोरापुटला सुखोईची इंजिनं बनतात, पण 1989 साली सुरू झालेलं आपलं कावेरी इंजिन तेजसमध्ये बसलं नाही. तेजस अजून अमेरिकन एफ-404 वर उडतं. हे दुखतं, आणि दुखायला हवं. पण त्यावर उपाय म्हणून जोडणाऱ्याला हसायचं? कागदातला 'का' ज्याला कधी पडणार असेल तो जोडणाराच असेल. जेवणाच्या टेबलावरून निकाल देणाऱ्याला तो पडत नाही.

बरं, हसणारे आपण कोण? आपल्यापैकी किती जणांनी डेटाबेस लिहिलाय? फ्रेमवर्क कोणाचं, क्लाउड कोणाचा? आपण दिवसभर दुसऱ्यांचे तुकडे जोडतो, फटीत पुट्टी भरतो आणि अप्रेझलमध्ये त्याला 'आर्किटेक्चर' म्हणतो. रात्री तीनला सिस्टिम झोपली की मात्र फोन त्यालाच जातो ज्याने ती जोडलीय. त्या मित्रालासुद्धा गेलाय, दोनदा. तेव्हा तो 'नुसतं' म्हणाला नव्हता.

असो. सोमवारी त्याच्यासाठी एक खोकं घेऊन जाणार आहे. मिग-21, हेही 1:72. ओझरचा कारखाना 1964 साली ह्याच विमानासाठी उभा राहिला, आणि 2025 च्या सप्टेंबरात ते आपल्या हवाई दलातून निवृत्त झालं. एकच इंजिन, तुकडे कमी. सोबत कटर, पॉलिश पेपर आणि सिमेंटची बाटली देतोय. फेव्हिक्विकबद्दल मी त्याला काही सांगणार नाही.