चिठ्ठीवर सही कोणाची?

कोठी, सुलतान बाजार, इसामिया बाजार परिसरातील मराठी बंधुभगिनींनो,

पाटी मानसोपचारतज्ज्ञाची, फी तज्ज्ञाची, आणि आत बसून गोळ्या लिहून देणारा मात्र त्यांचा असिस्टंट. रुग्णाला याचा पत्ताही नसतो. असं जिथे चालतं तिथे ते बंद झालं पाहिजे.

असिस्टंटशी आमचं वैर नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यं पाहिली गेली. त्यांत केरळ सोडून कुठेही लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नव्हता. मदतनीस लागणारच. गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांतल्या उदासीच्या, चिंतेच्या रुग्णांना चांगला हात दिला. पण गोळ्या लिहून देण्याचं काम केंद्रातल्या डॉक्टरांचं होतं आणि पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होता. आपल्याकडे मदतनीस ठेवतात आणि ही पाठराखणच गाळतात.

मग काय होतं ते ऐका. झोप नाही, रडू येतं, म्हणून उदासीची गोळी सुरू होते. त्या माणसाला पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेलाय का, हे कोणी विचारलंच नाही, तर तीच गोळी त्याला पुन्हा उन्मादात लोटू शकते. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच खचलेला दिसतो. लिथियम चालू असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड वरचेवर तपासावं लागतं. काही झोपेच्या गोळ्यांची सवय जडते. एमबीबीएसनंतर या एका विषयाचं एमडी करायला तीन वर्षं लागतात, ती उगाच नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजार कोणता, उपचार काय, दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत कळण्याचा हक्क दिला आहे. नांदेडहून दाखवायला आणलेल्या आजीला तेलुगू-इंग्रजीत दोन वाक्यं ऐकवून वाटेला लावणं या हक्कात बसत नाही.

म्हणून आमची मागणी : समोर बसलेल्या प्रत्येकाचं नाव आणि पदवी टेबलावर दिसली पाहिजे. निदान करणं, औषध सुरू करणं, बदलणं हे मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाला स्वतः पाहूनच व्हावं.

तुम्हीही खुर्चीत बसताच विचारा, “आपण मानसोपचारतज्ज्ञ आहात का?” संकोच करू नका. उत्तर ‘नाही’ आलं तर तज्ज्ञांची भेट मागा. मात्र चालू गोळ्या रागाच्या भरात एकदम बंद करू नका. त्याने त्रास वाढतो. रात्री-अपरात्री कोणाचा जीव घाबरा झाला, नको ते विचार आले, तर 14416 वर फोन लावा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, चोवीस तास आणि मोफत.

आपले,
कोठी परिसरातील काही मराठी रहिवासी