मोत्याचं काय करायचं?

"तिकिटं काढू का?" असं विचारलं की माझे बाबा गेली कित्येक वर्षं एकच उत्तर देतात. "काढ रे, पण मोत्याचं काय करायचं?" मग विषय पावसावर जातो, आणि तिकिटं राहतात.

मोत्या हा आमच्या सांगलीच्या घरचा कुत्रा. साधा गावठी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. 2013 मध्ये मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा पिशवीत घालून मीच त्याला घरी आणला. आईचा विरोध होता, बाबांचा त्याहून जास्त. "त्याचं सगळं मी करीन," असं मी देवघरासमोर उभं राहून सांगितलं होतं. चार वर्षांनी मी नोकरीसाठी न्यूझीलंडला आलो आणि 'सगळं' बाबांच्या गळ्यात पडलं.

2019 मध्ये आई एकटी ऑकलंडला आली. 2023 मध्ये आमची मुलगी जन्मली, तेव्हाही आई एकटीच आली. दोघांपैकी एकाने मोत्याजवळ थांबायलाच हवं होतं. बाबांनी नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती चौदा महिन्यांची होती, आणि तेही आम्ही सांगलीला गेलो म्हणून.

हे एकट्या आमच्या घरचं रडगाणं नाही. इथल्या मराठी मित्रमंडळीत विचारलं तर दर चार घरांमागे एका घरात असा एखादा मोत्या, टायगर किंवा मनी निघते. काहींनी तर परदेशात स्थिरावल्यावर "तुम्हाला सोबत होईल" म्हणून निवृत्त आईवडिलांना लॅब्रॅडॉरचं पिल्लू भेट दिलंय. हेतू चांगलाच असतो. पण वर्षभरात ते पिल्लू तीस किलोचं होतं, सत्तरीतल्या माणसाला साखळीसकट ओढत नेतं, आणि पुढची दहा-बारा वर्षं त्या दोघांना एकत्र लग्नालासुद्धा जाता येत नाही. आपण पाठवतो ती सोबत, आणि तिकडे पोचतो तो बंदोबस्त. मी मोत्याला आणलं तेव्हा बावीस वर्षांचा होतो, एवढीच माझी सबब.

"मग घेऊन जा ना त्याला तिकडेच," असं नातेवाईक सहज म्हणतात. न्यूझीलंडमध्ये रेबीज नाही आणि तो येऊ नये यासाठी हा देश फार जपतो. कुत्र्या-मांजरांच्या आयातीसाठी इथे मान्य देशांची यादी आहे, त्यात भारत नाही. प्राण्याला आधी एखाद्या मान्य देशात किमान सहा महिने ठेवायचं, तपासण्या करायच्या, मग इथे आल्यावर निदान दहा दिवस विलगीकरण. म्हणजे इथला कुत्रा महिनाभर आजोळी नेऊन सरळ परत आणणंही शक्य नाही. बारा वर्षांच्या मोत्याला हा वनवास कोण घडवणार?

आम्ही राहतो माउंट वेलिंग्टनला. माउंगारेई डोंगराच्या पायथ्याशी, सिल्व्हिया पार्क मॉलपासून जवळ. शेजारी एक आजी राहतात, त्यांच्याकडे एक म्हातारी मांजर आहे. दरवर्षी त्या दोन आठवडे बहिणीकडे डनेडिनला जातात. पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी आपल्या पद्धतीने म्हणालो, "काही काळजी करू नका, मी बघतो." त्या हसल्या, आत जाऊन चहा घेऊन आल्या आणि टेबलावर दोन पानं ठेवली.

त्यात सकाळ-संध्याकाळच्या खाण्याचं माप होतं. थायरॉइडची गोळी कशात लपवून द्यायची ते होतं. व्हेटचा नंबर, मायक्रोचिपचा नंबर, बहिणीचा नंबर. पाचशे डॉलरपर्यंतच्या उपचाराचा निर्णय मला न विचारता घे, त्यापुढे फोन कर. आणि शेवटी एक ओळ: 'ती बरी होणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि माझा फोन लागला नाही, तर माझ्यासाठी तिला ताटकळत ठेवू नकोस.'

मी ती ओळ दोनदा वाचली. आपल्याकडे अख्खा करार चार शब्दांत होतो, "जरा लक्ष ठेवा हं". त्यात प्रेम असतं, विश्वासही असतो. नसतं ते माप, आणि अडचण आलीच तर निर्णय कोणाचा, हे.

कायद्याच्या दृष्टीनेही हे नुसतं शेजारधर्माचं काम नाही. न्यूझीलंडच्या 1999 च्या प्राणी कल्याण कायद्यात प्राण्याच्या गरजा भागवण्याची जबाबदारी मालकावर आहे तशीच तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही आहे. म्हणजे किल्ली हातात घेतली की मीही त्यात आलो. भारतातही 1960 च्या कायद्याप्रमाणे प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत विनाकारण सोडून जाणं हा गुन्हा आहे. बंद फ्लॅटच्या बाल्कनीत पाण्याची बादली ठेवून गावाला जाणाऱ्यांनी हे वाचावं.

तोंडी भरवशाचं काय होतं ते कोविडमध्ये दिसलं. ओळखीतलं एक जोडपं 2021 च्या मार्चमध्ये वडिलांच्या आजारपणासाठी घाईघाईत नागपूरला गेलं. मांजर ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे ठेवलं, "फक्त तीन आठवडे" म्हणून. 11 एप्रिलपासून 28 एप्रिलपर्यंत न्यूझीलंडने भारतातून येणाऱ्यांना, अगदी स्वतःच्या नागरिकांनाही, बंदी केली. नंतर विलगीकरणाच्या हॉटेलात जागा मिळेना. तीन आठवड्यांचे पाच महिने झाले. मधे मांजराला मूत्रमार्गाचा त्रास झाला, बिल बरंच आलं. मैत्रिणीला पैसे मागायचा संकोच, यांना विचारायचा संकोच. आता त्या दोघी बोलत नाहीत. चूक कोणाची म्हणायची?

पैशांचा हा संकोच आपल्या लोकांत फार आहे. माझं मत सांगतो, कोणाला पटो न पटो: प्राणी सांभाळणाऱ्याला पैसे द्यावेत, आणि आधी ठरवून द्यावेत. उपकार करणाऱ्याला "आज फिरवलंस का?" असं विचारता येत नाही. ज्याला मोबदला दिलाय त्याला विचारता येतं, आणि त्यालाही "मला जमत नाही" हे मोकळेपणाने सांगता येतं. ज्यांना घरगुती सोय नाही त्यांनी केनेल किंवा कॅटरी जरूर वापरावी. पण इथे डिसेंबर-जानेवारीत शाळांना सुट्ट्या, म्हणजे गोऱ्यांच्याही सहली आणि आपल्याही भारतवाऱ्या एकाच वेळी. तिकीट काढलं त्याच दिवशी जागा धरायला हवी. लसीकरणाचे कागद लागतात, कुत्र्यांना बहुतेक ठिकाणी केनेल कफची लस लागते आणि तीही काही दिवस आधी दिलेली. आदल्या दिवशी धावपळ करून भागत नाही.

यंदा मी बाबांना तिकिटांचं विचारलंच नाही. आधी सांगलीत माणूस शोधला. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा, बी.एस्सी. करणारा मुलगा, मोत्या त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याने आमच्याच घरी येऊन झोपायचं ठरलं. "काका, पैसे कसले त्यात!" तो बाबांना म्हणाला. बाबाही म्हणाले, "कुत्रं सांभाळायचे कसले पैसे?" दोघांना समजवायला मला तीन फोन लागले. मग तीन दिवसांची रंगीत तालीम झाली, आई-बाबा कोल्हापूरला मावशीकडे गेले. पहिल्या दिवशी मोत्याने दूध-भाकरीला तोंड लावलं नाही, फाटकापाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवला. बाबांनी त्या मुलाला दिवसातून पाच वेळा फोन केले, हे मला आईने सांगितलं.

बाबांनीही आता चार पानं लिहून काढली आहेत, वहीच्या आखलेल्या कागदावर. भाकरी कुस्करून, दूध कोमट. डाव्या कानाला हात लावू नये. ढग गडगडले की देवघराच्या खोलीत येऊ द्यावं, हाकलू नये. सातव्या मुद्द्यासमोर फक्त 'आजारी पडल्यास' एवढं लिहून पुढे जागा सोडली आहे. डॉक्टरांचा नंबर आणि खर्चाची मर्यादा मी सांगितली, ती त्यांनी लिहिली. शेजारच्या आजींची ती शेवटची ओळही मी वाचून दाखवली.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू आणलास त्याला. ते तू लिही."

तिकिटं फेब्रुवारीची आहेत, दोघांची. कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. सातव्या मुद्द्याची शेवटची ओळ मला अजून लिहिता आलेली नाही.