फिरते बिऱ्हाड : आक्षेप आणि समर्थन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लष्करी सेवेची वीस-पंचवीस वर्षे पुरी करून निवृत्त झालेली काही दांपत्ये राहते घर विकतात, मोटारहोममध्ये किंवा मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये संसार मांडतात आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे, हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकत उतारवयाची वर्षे रस्त्यावर घालवितात. ही हकिकत आपल्याकडे ज्या स्वरात सांगितली जाते, त्यात कुतूहलापेक्षा कीव अधिक असते. मुलाबाळांकडे म्हणून त्या देशी चार-सहा महिने राहून आलेली आपली वडील माणसेही ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ एवढे बोलून विषय मिटवितात. तो इतक्या स्वस्तात मिटू नये, असे मला मनापासून वाटते; कारण या जीवनक्रमावर होणाऱ्या आक्षेपांत काही खरे, काही अर्धवट खरे आणि काही केवळ सवयीतून आलेले आहेत, आणि त्यांची निवड केल्याखेरीज ना निंदेला अर्थ राहतो ना स्तुतीला.

पहिला आक्षेप असा की, वार्धक्याला स्थैर्य हवे. ज्या वयात माणसाने एका जागी बसून नातवंडांचे कौतुक करावे, त्या वयात गावोगाव हिंडणे हे प्रकृतीविरुद्ध आणि संस्कृतीविरुद्ध आहे. संस्कृतीचे म्हणाल तर मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाने, अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून अथवा तिला बरोबर घेऊन घराबाहेर पडावे, असेच सांगितले आहे. आणि आषाढात पंढरीच्या वाटेवर जे असंख्य म्हातारे जोडीने चालतात, त्यांना संस्कृतिभ्रष्ट म्हणण्याचे धाडस कोणी केलेले माझ्या ऐकिवात नाही. राहिला प्रकृतीचा प्रश्न. प्रकृती कोणाची, हे आधी ठरले पाहिजे. ज्या स्त्रीने दर दोन-तीन वर्षांनी सरकारी हुकूम येताच स्वयंपाकघर आवरले, मुलांचे शाळेचे दाखले काढले, जी जर्मनीत किंवा जपानमध्ये परक्या पेठेत नव्याने भाजी घ्यायला शिकली, आणि जिच्या पतीच्या हुद्द्याप्रमाणे सरकारने किती पौंड सामान सरकारी खर्चाने हलवायचे याची मर्यादा घालून दिली होती व वरच्या वजनाचे पैसे स्वतःच्या पदरचे भरायला लावले होते, तिच्या दृष्टीने एका गल्लीत तीस वर्षे काढणे हाच अपरिचित प्रकार होय. कित्येक दांपत्यांत तर दोघांनीही गणवेश घातलेला असतो. अशा माणसांना रस्ता नवा नाही. नवे एवढेच की या खेपेस बदलीचा हुकूम त्यांनी स्वतःच काढलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर घाईने देता येत नाही. जेसिका ब्रूडर या लेखिकेचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली प्रसिद्ध झाले, पुढे त्यावर चित्रपट निघाला, आणि घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत राहणाऱ्या, साठी उलटल्यावरही गोदामांत हंगामी मोलमजुरी करणाऱ्या माणसांची स्थिती जगापुढे आली. आक्षेपक विचारतात की, मग हे फिरते निवृत्त जीवन म्हणजे दारिद्र्यावर घातलेली रंगीत शाल नव्हे काय? त्या माणसांच्या बाबतीत दुःख खरे आहे, आणि ते झाकणारा मनुष्य प्रामाणिक नव्हे. परंतु त्या दुःखाचे मूळ चाकांत नसून न झेपणाऱ्या भाड्यात आणि अपुऱ्या निवृत्तिवेतनात आहे. तीच माणसे एका अंधाऱ्या खोलीत बसली असती तर त्यांचे हाल कमी झाले नसते, फक्त दिसले नसते. या उदाहरणावरून जो निष्कर्ष निघतो तो एवढाच की, ज्याच्यापाशी गंगाजळी नाही त्याने ही वाट आवडीची म्हणून मिरवू नये आणि ज्याच्यापाशी आहे त्याने ती गाडीत बुडवू नये. घर ही मालमत्ता आहे, गाडी हा खर्च आहे. दुकानाच्या दारातून बाहेर पडताच तिची किंमत उतरू लागते. घर विकून आलेला सर्व पैसा चकचकीत मोटारहोममध्ये घालणाऱ्या दांपत्याविरुद्ध हिशेबी माणूस जे बोलतो, ते मला अक्षरशः मान्य आहे.

येथे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांचाही समाचार घेणे प्राप्त आहे. ‘सर्व विका आणि निघा, स्वातंत्र्य तुमची वाट पाहत आहे’ असा उपदेश करणारे या जीवनक्रमाचे मित्र नव्हेत. कारण त्यांच्या लेखी तयारी म्हणजे गाडीची निवड, आणि गाडीच्या निवडीत दिवाणखान्याची लांबी. वस्तुतः प्रत्येक गाडीवर तिने भरल्या स्थितीत जास्तीत जास्त किती वजन वाहावे याचा आकडा लिहिलेला असतो, आणि टाकीत पाणी, फडताळांत भांडी, खणांत पुस्तके भरून ती मालमोटारींच्या काट्यावर चढविल्यावाचून आपण त्या आकड्याच्या आत आहोत की नाही हे कळत नाही. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ट्रेलरचा टायर झिजण्यापूर्वी पुष्कळदा वयाने निकामी होतो, आणि नक्षी शाबूत दिसते म्हणून त्यावर विसंबणारा भर उन्हात हमरस्त्याच्या कडेला उभा राहतो. ज्याने सैन्यात रसदीचे काम पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. पण निवृत्तीच्या आनंदात तोही विसरतो, म्हणून सांगितले.

पत्ता हा पुढचा प्रश्न. घर नसले तरी वाहन-परवाना, विमा, मतदान, मृत्युपत्र यांसाठी कोणते तरी राज्य आपले म्हणावेच लागते. साउथ डाकोटाने एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालपेटीचा पत्ता यांवर अशा प्रवाशांना परवाना देण्याची सोय ठेवली, आणि प्राप्तीवर राज्याचा कर नसल्यामुळे टेक्सास आणि फ्लोरिडा यांकडेही पुष्कळांचा ओढा असतो. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या लहानशा गावी एस्केपीज नावाच्या संस्थेचे ठाणे आहे. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ साली ती स्थापन केली, आणि सभासदांचे टपाल जेथे असतील तेथे रवाना करण्याचे काम तेथून चालते. अशा माणसांना बेघर म्हणणे बरोबर नाही. त्यांचे दप्तर स्थिर आहे, फक्त चूल फिरती आहे.

मुक्कामाच्या खर्चाविषयी थोडक्यात पुरे. पूर्ण सेवेनंतर निवृत्त झालेल्यांना लष्करी तळांवरील तंबूस्थाने खुली असतात; फ्लोरिडात ‘की वेस्ट’च्या नौदलतळावर किंवा अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफजवळच्या फोर्ट टटहिल येथे ती आहेत. २०२२ पासून राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन मोफत परवाना सर्वच माजी सैनिकांना मिळतो. अ‍ॅरिझोनातल्याच क्वार्ट्झसाइटजवळच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत १८० डॉलरांत राहता येते, मात्र तेथे वीज ज्याची त्याने निर्माण करावयाची.

आता आजारपण. हा सर्वांत भारी आक्षेप, आणि माझ्या मते खरी तयारी येथेच आहे. माजी सैनिकांसाठीच्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याची रुग्णालये देशभर आहेत, आणि परगावी जाताना आपल्या नेहमीच्या रुग्णालयास आगाऊ कळविले तर दुसऱ्या ठिकाणी उपचारांची तजवीज होते. पण हा हक्क सैनिकाचा, त्याच्या जोडीदाराला तो सहसा नाही. लष्करी निवृत्तांचा ट्रायकेअर विमा दोघांना मिळतो, तरी त्यातील ‘प्राइम’ योजना नेमलेल्या डॉक्टराशी बांधून ठेवते आणि ‘सिलेक्ट’ मोकळीक देते. पासष्टीनंतर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा ‘बी’ भाग हप्ता भरून घेतला तरच ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’ लागू होते. ज्यांच्या वैद्यकजाळ्याची हद्द एखाद्या जिल्ह्यापुरती असते, त्या स्वस्त खाजगी मेडिकेअर योजना घरी बसणाऱ्यास ठीक, फिरणाऱ्यास घातक. ही कागदपत्रे, सेवामुक्तीचा डीडी-२१४ हा दाखला आणि एकमेकांच्या नावे केलेले वैद्यकीय मुखत्यारपत्र यांवाचून जो निघतो, त्याच्याविषयी आक्षेपक बोलतात ते खरेच आहे. जो ही घेऊन निघतो, त्याच्याविषयी ते खरे नाही.

परंतु दांपत्याच्या तयारीत ज्याचा उच्चार सर्वांत कमी होतो तो प्रश्न मागे राहणाऱ्याचा. निवृत्त होताना सैनिकाला हयात जोडीदाराच्या निर्वाहाची योजना स्वीकारावी की नाही हे ठरवावे लागते. स्वीकारली तर आधारभूत रकमेच्या ५५ टक्के वेतन पश्चात चालू राहते, त्यासाठी दरमहा साडेसहा टक्क्यांपर्यंत कपात सोसावी लागते, आणि नाकारायची तर पत्नीची लेखी संमती लागते. रस्त्यावरच्या खर्चाला चार डॉलर जास्त मिळावेत म्हणून ती संमती मागणाऱ्या पतीस माझा स्पष्ट विरोध आहे. तीच गोष्ट हातच्या कामांची. गाडी मागे घेणे, ट्रेलर जोडणे-सोडणे, सांडपाण्याची टाकी रिकामी करणे, विजेची जोडणी तपासणे ही कामे जिथे एकट्यालाच येतात, तिथे दुसरा सहप्रवासी नसून ओझे होऊन बसलेला असतो. आणि चालकाला वाळवंटात हृदयविकाराचा झटका आला तर स्टिअरिंग हाती घेण्याइतकी सवय जोडीदाराला असलीच पाहिजे.

आणि शेवटी चाके थांबतात. कोठे थांबायचे, कोणत्या लक्षणावर थांबायचे, डोळे अधू झाले म्हणजे की रात्रीचे चालविणे सुटले म्हणजे, हे दोघांनी निघण्यापूर्वी लिहून ठेवावे. लिव्हिंग्स्टनलाच एस्केपीजने आजारी आणि थकलेल्या सभासदांसाठी केअर नावाचे केंद्र चालविले आहे. तेथे मनुष्य आपल्याच गाडीत राहतो, जेवण तयार मिळते, डॉक्टरकडे नेणारे आणि साफसफाई करणारे हात असतात, आणि शेजारी सर्व त्याच वाटेने आलेले असतात. चार भिंतींच्या पक्क्या घरात, मुले परदेशी गेल्यावर, जिना चढवत नाही म्हणून खालच्याच खोलीत दिवस काढणाऱ्या किती दांपत्यांनी स्वतःसाठी इतकी तजवीज करून ठेवली आहे, याचे उत्तर आता आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.