पंचनाम्यात न मावलेले लिहा

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या घरांत पाणी शिरले. पंचनाम्यात पडक्या भिंती मोजल्या गेल्या. घर सोडतानाची घालमेल नाही. घरातली वडीलधारी माणसे गेली की तीही पुसली जाईल. पण ‘आठवणी लिहा’ म्हटले की पेन अडते. इथे कविता कामी येते. ती सगळे आयुष्य विचारत नाही. एखादा वास, एखादा आवाज पुढे ठेवते आणि आठवणीचे टोक सापडते. दुपारच्या चहाला मोबाइल बाजूला ठेवून एक कविता वाचावी, कप रिकामा होईतो गप्प बसावे, मग तारीख घालून पाच ओळी लिहाव्यात. कवी सुधांशूंच्या औदुंबरात दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते. त्या तालुक्याला हे जड नाही. वही मात्र माळ्यावर ठेवावी.